अगवान दोर्जीएव्ह : सत्तेला धम्म पटवून देऊ पाहणारा भिक्खू

नालंदा जाळली गेली, हे आपल्या चळवळीतल्या प्रत्येक तरुणाला ठाऊक आहे. पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात, म्हणजे १९३० ते १९४० या दहा वर्षांत, जगाच्या पाठीवरचा एक मोठा बौद्ध प्रदेश जवळजवळ भिक्खूविरहित करण्यात आला, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मंगोलियात, तुवात आणि सोव्हिएत रशियातील बुर्यात व काल्मिक या बौद्ध प्रदेशांत शेकडो विहार पाडले गेले. हजारो भिक्खूंना गोळ्या घातल्या गेल्या किंवा श्रमछावण्यांत पाठवले गेले. ग्रंथ जाळले गेले, मूर्ती वितळवल्या गेल्या.

हे करणारी सत्ता कुठल्या परधर्माची नव्हती. शोषणमुक्त समाज आणू, गरिबांचे राज्य आणू, असे वचन देणारी ती सत्ता होती. म्हणूनच हा इतिहास आपल्याला अडचणीचा वाटतो. तो सांगायला आपण कचरतो आणि दुसरे लोक तो आपल्या सोयीने सांगतात. आम्हाला वाटते की तो आपणच, नीट आणि पूर्ण सांगितला पाहिजे. त्यासाठी आम्ही आज एका माणसाचे चरित्र मांडत आहोत. त्याचे नाव अगवान दोर्जीएव्ह.

बैकलकाठचा मुलगा ल्हासाला जातो

सायबेरियातील बैकल सरोवराच्या पूर्वेला बुर्यात लोक राहतात. भाषेने आणि वंशाने ते मंगोल. गुरेढोरे, घोडे, मेंढ्या पाळून जगणारा हा समाज. तिबेट आणि मंगोलियामार्गे त्यांच्यापर्यंत बौद्ध धर्म पोहोचला आणि अठराव्या शतकात रशियाच्या झारशाहीनेही त्याला मान्यता दिली. त्यांच्याकडे विहाराला दात्सान म्हणतात. दात्सान म्हणजे फक्त पूजेची जागा नव्हे. शाळा, ग्रंथालय, छापखाना आणि दवाखाना असे सगळे तिथे असे.

अशा समाजात १८५४ साली दोर्जीएव्ह यांचा जन्म झाला. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १८७३ मध्ये, ते ल्हासाला निघाले. रशियाच्या प्रजाजनांना तिबेटमध्ये प्रवेश नव्हता, म्हणून मंगोल यात्रेकरू म्हणून जावे लागले. पुढे ल्हासाजवळच्या द्रेपुंग महाविहारात त्यांनी अनेक वर्षे बौद्ध दर्शन आणि न्यायशास्त्राचा अभ्यास केला. गेशे ल्हारांपा ही तिथली सर्वोच्च पदवी मिळवली. वादविवादातले त्यांचे प्रावीण्य असे होते की तरुण तेराव्या दलाई लामांचे अध्ययन-सहायक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्यांच्याबरोबर शास्त्रचर्चा करणे हे त्यांचे काम. सायबेरियातल्या एका पशुपालकाचा मुलगा तिबेटच्या धर्मसत्तेच्या अगदी जवळ जाऊन पोहोचला.

पहिला दरवाजा : झारचा

त्या काळी तिबेट दोन्हीकडून दाबला जात होता. एकीकडे चीनचे मांचू साम्राज्य, दुसरीकडे हिंदुस्थानातून वर सरकणारे इंग्रज. दोर्जीएव्ह यांनी तिसरा मार्ग सुचवला. रशियात लाखो बौद्ध सुखाने राहतात, तेव्हा तिबेटने रशियाचा आधार घ्यावा, असे त्यांचे मत होते. दलाई लामांनी त्यांना दूत म्हणून पाठवले. १८९८ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गला गेले, तिथून पॅरिसलाही जाऊन आले. १९०० आणि १९०१ मध्ये त्यांनी झार दुसरा निकोलस याची भेट घेतली.

या भेटींच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या आणि कलकत्त्यात बसलेला व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन अस्वस्थ झाला. रशिया तिबेटमध्ये शिरतो आहे हा संशय इंग्रजांना पुरेसा होता. १९०३-०४ मध्ये यंगहजबंडच्या नेतृत्वाखाली इंग्रज फौज तिबेटवर चालून गेली. जुन्या बंदुका आणि तलवारी घेऊन उभे राहिलेले शेकडो तिबेटी मशीनगनपुढे मारले गेले. दलाई लामांना मंगोलियात आश्रय घ्यावा लागला. झारकडून एक शिपाईही मदतीला आला नाही.

बड्या सत्तेच्या आधाराची किंमत दोर्जीएव्ह यांनी इथे पहिल्यांदा पाहिली. तरीही त्यांचा तो मार्ग सुटला नाही. त्यांच्या आयुष्यातली ही मोठी उणीव होती, असे आम्हाला वाटते.

पण याच काळात त्यांनी जे रचनात्मक काम केले, ते कुठल्याही कार्यकर्त्याने अभ्यासावे असे आहे. बुर्यात भाषेसाठी त्यांनी नवी लिपी तयार केली, कारण धम्म लोकांच्या भाषेत लोकांना वाचता आला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. व्होल्गा नदीच्या मुखाकडे राहणाऱ्या काल्मिक बौद्धांसाठी त्यांनी बौद्ध दर्शनाच्या उच्च शिक्षणाच्या शाळा काढल्या. आत्सागात येथील दात्सानात तिबेटी वैद्यकाची शाळा सुरू केली. आणि झारच्या राजधानीत, सेंट पीटर्सबर्गमध्ये, बौद्ध मंदिर उभे केले.

या मंदिराला ऑर्थोडॉक्स चर्चच्या कट्टर मंडळींनी कडाडून विरोध केला. दोर्जीएव्ह मागे हटले नाहीत. दलाई लामांनी पैसे पाठवले, बुर्यात आणि काल्मिक लोकांनी देणग्या दिल्या. सयामच्या राजाकडून मूर्ती आल्या. रशियातील नामवंत प्राच्यविद्यापंडित फ्योदोर श्चेरबात्स्की आणि सर्गेई ओल्डेनबुर्ग हे बांधकाम समितीत होते. रंगीत काचांचे काम चित्रकार निकोलाय रोरिख यांच्या देखरेखीखाली झाले. १९०९ मध्ये सुरू झालेल्या या मंदिरात १९१३ मध्ये पहिली पूजा झाली आणि १९१५ मध्ये ते विधिवत खुले झाले.

दुसरा दरवाजा : क्रांतीचा

१९१७ मध्ये झारशाही कोसळली. १९१८ मध्ये काल्मिक प्रदेशातून परतताना बोल्शेविक पोलिसांनी दोर्जीएव्ह यांना अटक केली आणि मॉस्कोच्या तुरुंगात टाकले. प्राच्यविद्यापंडितांनी धावपळ केली म्हणून ते सुटले. १९१९ मध्ये मंदिराच्या आवारात उतरलेल्या लाल सैनिकांनी मंदिर लुटले. मूर्ती फोडल्या, ग्रंथांची आणि कागदपत्रांची नासधूस केली. आयुष्यभर जमवलेला ठेवा काही दिवसांत गेला.

एवढे होऊनही त्यांनी नव्या सत्तेशी वैर धरले नाही. नव्या राजवटीच्या परराष्ट्र खात्याला तिबेट आणि मंगोलियाशी संबंध जोडायचे होते आणि त्यासाठी दोर्जीएव्ह यांच्याइतका उपयोगी माणूस दुसरा नव्हता. ते सोव्हिएत रशियात तिबेटचे प्रतिनिधी म्हणून वावरू लागले.

पण केवळ सोय म्हणून त्यांनी क्रांतीशी जुळवून घेतले, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांना खरोखरच काही दिसत होते. दात्सानांकडे गुरांचे कळप, जमिनी आणि संपत्ती साठली होती. काही लामा सुखवस्तू झाले होते. शीलापेक्षा कर्मकांडाला भाव आला होता. गरीब पशुपालकाच्या घरातला शेवटचा मेंढाही दानात जात होता. हे बुद्धाच्या संघाचे रूप नाही, हे दोर्जीएव्ह जाणून होते.

म्हणून १९२० नंतर त्यांनी सुधारणेची चळवळ उभी केली. तिचा आशय साधा होता. भिक्खूने विनयाप्रमाणे राहावे. त्याची खासगी मालमत्ता नसावी. दात्सानाचा कारभार निवडून आलेल्या मंडळाने सामुदायिकपणे चालवावा. अवतारी लामांचे स्तोम बंद व्हावे. विज्ञानाचे शिक्षण घ्यावे. १९२२ मध्ये बुर्यात बौद्धांच्या परिषदेत सुधारकांची सरशी झाली. जुन्या वळणाचे लामा चिडले. समाजात दोन तट पडले. १९२७ च्या जानेवारीत सोव्हिएत संघातील बौद्धांची परिषद मॉस्कोत भरली, तिथेही सुधारकांचाच वरचष्मा होता.

याच्याच जोडीला दोर्जीएव्ह यांनी एक युक्तिवाद मांडला. बुद्धाने ईश्वर मानला नाही, जन्मावरून श्रेष्ठ-कनिष्ठ मानले नाही आणि भिक्खूला खासगी मालमत्ता ठेवू दिली नाही. मग बौद्ध धम्म आणि साम्यवाद यांच्यात भांडण कशाला? राज्यकर्त्यांनी धम्माकडे शत्रू म्हणून पाहू नये, हे त्यांना पटवायचे होते.

युक्तिवाद चांगला होता. तो ऐकणाऱ्यालाच त्याची गरज नव्हती.

दडपशाहीची यंत्रणा

धर्म एका रात्रीत बंद करता येत नाही. त्यासाठी यंत्रणा लागते. सोव्हिएत सत्तेने ती टप्प्याटप्प्याने उभी केली आणि तिचे टप्पे आपण समजून घेतले पाहिजेत.

आधी नागरिकत्व पोकळ केले गेले. भिक्खू आणि इतर धर्मोपदेशक यांचा मतदानाचा हक्क क्रांतीनंतरच्या पहिल्या राज्यघटनेनेच काढून घेतला होता. मत नाही म्हणजे पुढे रेशन, नोकरी, मुलांचे शिक्षण या सगळ्यातच अडचण. मग आर्थिक नाडी आवळली गेली. दात्सानांची मालमत्ता सरकारची झाली आणि भिक्खूंवर न परवडणारे कर बसले. अठरा वर्षांखालील मुलांना धर्मशिक्षण देण्यावर बंदी आली, म्हणजे पुढची पिढी तोडली गेली. १९२९ च्या एप्रिलमध्ये नवा कायदा आला. त्याने धार्मिक संस्थांना शिक्षण, वाचनालय, वैद्यकीय मदत, गरिबांना साहाय्य अशा सगळ्या सामाजिक कामांपासून दूर केले. फक्त चार भिंतींच्या आत पूजा करा, एवढेच शिल्लक राहिले. त्याच वर्षी घटनेत दुरुस्ती होऊन धर्माच्या प्रचाराचा हक्क गेला आणि धर्मविरोधी प्रचाराचा हक्क तेवढा राहिला. लढाऊ नास्तिकांचा संघ गावोगाव फिरू लागला.

१९३६ च्या स्टालिनच्या राज्यघटनेतही उपासनेचे स्वातंत्र्य लिहिलेले होते. पण ते मागायला जाण्यासाठी स्वतंत्र न्यायालय नव्हते, स्वतंत्र वर्तमानपत्र नव्हते, स्वतंत्र संघटना नव्हती. कागदावरचा हक्क कागदावरच राहिला.

दोर्जीएव्ह या सगळ्या काळात सरकारकडे अर्ज आणि तक्रारी पाठवत राहिले. पण एकेक दात्सान बंद होत गेले. बुर्यात प्रदेशात चाळीसहून अधिक दात्सान होते. १९४० पर्यंत त्यातले एकही चालू राहिले नाही. एगितुय येथील चंदनाची प्रसिद्ध बुद्धमूर्ती तिथून काढून उलान-उदे शहरातल्या एका बंद चर्चमध्ये, धर्मविरोधी संग्रहालयात, ठेवण्यात आली. ही मूर्ती बुद्धांच्या हयातीत उदयन राजाने करवून घेतली, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे.

याच काळाशी आपल्या मराठी माणसांचा एक धागा जोडलेला आहे. गोव्यात जन्मलेले आणि बुद्धचरित्र मराठीत आणणारे धर्मानंद कोसंबी १९२९ मध्ये लेनिनग्राडला गेले होते. सेंट पीटर्सबर्गचेच ते तेव्हाचे नाव. श्चेरबात्स्की यांनी १९२८ मध्ये स्थापन केलेल्या बौद्ध संस्कृतीच्या संस्थेत पाली शिकवण्यासाठी त्यांना बोलावणे आले होते. पण ही संस्था १९३० मध्ये स्वतंत्र राहिली नाही. पुढे श्चेरबात्स्की यांचे शिष्य आंद्रेई वोस्त्रिकोव्ह आणि मिखाईल तुब्यान्स्की यांना १९३७ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. बौद्ध ग्रंथांचा अभ्यास करणारा विद्वानही आता संशयित ठरला होता.

शेजारच्या मंगोलियात तर याहून भीषण घडले. तो देश नावाला स्वतंत्र होता, पण निर्णय मॉस्कोत होत. लामांचा नायनाट करा, असा स्टालिनचा आग्रह होता. पंतप्रधान गेंदेन स्वतः साम्यवादी होते, तरी त्यांनी त्यासाठी टाळाटाळ केली. १९३६ मध्ये त्यांना पदावरून काढले आणि १९३७ च्या नोव्हेंबरमध्ये मॉस्कोत ठार केले. त्यानंतर चोइबाल्सानच्या राजवटीत १९३७ ते १९३९ या काळात सुमारे १७ ते १८ हजार लामा मारले गेले आणि सातशेहून अधिक विहार उद्ध्वस्त झाले. त्या वेळी मंगोलियाची एकूण लोकसंख्या दहा लाखांच्या आतच होती. म्हणजे जवळपास प्रत्येक नात्यागोत्यातला कोणीतरी गेला.

शेवट

१९३३ मध्ये तेरावे दलाई लामा वारले. तिबेटशी संबंध जोडण्याचे सोव्हिएत बेत आधीच थंडावले होते. दोर्जीएव्ह यांचा उपयोग संपला. लेनिनग्राडच्या मंदिरातल्या लामांना पकडले जाऊ लागले. १९३७ च्या सुरुवातीला हा ८२-८३ वर्षांचा वृद्ध भिक्खू आपल्या मायभूमीत, बुर्यात प्रदेशात परतला. अखेरचे दिवस तिथे शांतपणे घालवावेत एवढीच इच्छा असावी.

१३ नोव्हेंबर १९३७ रोजी त्यांना अटक झाली. आरोप होते देशद्रोहाचे, जपानसाठी हेरगिरीचे आणि सशस्त्र उठावाच्या तयारीचे. चौकशी सुरू झाली आणि प्रकृती ढासळली. २९ जानेवारी १९३८ रोजी उलान-उदेच्या तुरुंगातल्या रुग्णालयात त्यांचा अंत झाला. खटला उभा राहिलाच नाही.

लेनिनग्राडच्या मंदिरात पुढे रेडिओ केंद्र बसले, नंतर प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा. काल्मिक लोकांना तर १९४३ च्या डिसेंबरमध्ये मुलाबाळांसह मालगाड्यांत घालून सायबेरियात हद्दपार केले गेले. १९५७ नंतर ते परतू शकले. बुर्यात प्रदेशात १९४६ मध्ये इवोल्गा येथे एक दात्सान सुरू करू दिले गेले, पण ते सरकारच्या डोळ्यांखाली. स्टालिन गेल्यावरही हे संपले नाही. बुर्यात बौद्ध विद्वान बिदिया दांदारोन यांना १९७२ मध्ये पुन्हा अटक झाली आणि १९७४ मध्ये श्रमछावणीत त्यांचा मृत्यू झाला.

१९९० मध्ये सोव्हिएत सरकारने दोर्जीएव्ह यांना निर्दोष ठरवले. त्याच सुमारास मंदिर बौद्धांना परत मिळाले. चंदनाची मूर्तीही १९९१ मध्ये एगितुयला परतली. हे सगळे परत का येऊ शकले? कारण लोकांनी घरात, जमिनीत पुरून, डोंगरकपारीत लपवून ग्रंथ आणि मूर्ती जपल्या होत्या. म्हाताऱ्या लामांनी गुपचूप दोन-चार शिष्य तयार केले होते. सत्तेने सगळ्या संस्था नेल्या, तरी माणसांची आठवण तिला नेता आली नाही.

आपण यातून काय घ्यायचे?

२० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेबांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना केली, हे आपण सगळे जाणतो. खासगी मालमत्तेतून दुःख आणि शोषण निर्माण होते, हे दोघांनाही दिसले, असे त्यांनी मांडले. पण बुद्धाचा मार्ग मन वळवण्याचा आणि शीलाचा, तर साम्यवादाचा मार्ग बळाचा आणि हुकूमशाहीचा, हा फरकही त्यांनी ठामपणे दाखवला. दोर्जीएव्ह यांनी यातली पहिली गोष्ट तीस वर्षे आधी ओळखली होती. दुसरी गोष्ट त्यांना फार उशिरा, तुरुंगात कळली.

आणखी एक फरक आहे. दोर्जीएव्ह आयुष्यभर सत्तेला पटवत राहिले. आधी झारला, मग बोल्शेविकांना. बाबासाहेबांनी लोकांना पटवले, लोकांची संघटना बांधली, आणि राज्यघटनेत हक्क लिहिताना ते न्यायालयात मागता येतील अशी सोयही करून ठेवली. दोर्जीएव्ह यांची सुधारणा खोटी नव्हती. पण ती सुधारणा समाजात रुजण्याआधीच सत्तेने तिचा उपयोग करून घेतला. सुधारक आणि सनातनी लामा भांडत असताना तिने दोघांनाही हेरले आणि शेवटी दोघांनाही एकाच तुरुंगात टाकले. एखादा धम्म किती पुरोगामी आहे, याच्याशी हुकूमशाहीला कर्तव्य नसते. तिच्या हाताबाहेर माणसे एकत्र येतात, हेच तिला खुपते.

काही मंडळी हा इतिहास सांगून आज हक्कांसाठी लढणाऱ्या प्रत्येक कामगाराला, प्रत्येक डाव्या विचाराच्या तरुणाला झोडपू पाहतात. आम्ही त्यात सामील नाही. विहारांत साठलेली संपत्ती आणि गरिबांची पिळवणूक खरी होती. ती दूर करण्याचे काम संघानेच वेळेवर केले असते, तर सत्तेला निमित्त मिळाले नसते. आणि काही मंडळी डाव्यांना वाईट वाटेल म्हणून हा इतिहास गिळून टाकतात. आम्हाला तेही मान्य नाही. गोळ्या घातलेले भिक्खू गरिबांचीच मुले होती.

त्याच वर्षांत मध्य आशियातल्या मशिदी आणि मदरसे, रशियातली चर्चही बंद झाली, मौलवी आणि पाद्रीही मारले गेले. त्यामुळे हे फक्त बौद्धांचे दुःख म्हणून आपण सांगू शकत नाही. कुठलीही सत्ता, मग ती कोणत्याही झेंड्याची असो, अगदी बौद्धांच्या नावाने चालणारी असो, जेव्हा दुसऱ्याच्या उपासनेवर, शाळेवर आणि संघटनेवर हात टाकते, तेव्हा दोर्जीएव्ह यांची आठवण ठेवणाऱ्याने त्या दुसऱ्याच्या बाजूला उभे राहिले पाहिजे.

आपल्या वस्तीतले विहार, तिथले वाचनालय, मुलांचे धम्मवर्ग, रविवारची बैठक या गोष्टी लहान वाटतात. बुर्यात लोकांकडून नेमक्या याच गोष्टी आधी काढून घेतल्या गेल्या होत्या. त्या कुणा पुढाऱ्याच्या मेहेरबानीवर न ठेवता स्वतःच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या माणसांवर उभ्या करणे, त्यांचा हिशेब सगळ्यांसमोर ठेवणे, आणि त्यांचे रक्षण करणारे घटनेतले हक्क वापरत राहणे, हे काम आज आपल्या हातात आहे. दोर्जीएव्ह यांना ती संधी मिळाली नाही.